आवाजाला दिशा देणारा ॲलन ब्लमलाइन

टेलिफोन म्हटला की बेल, फोनोग्राफ म्हटला की एडिसन, बिनतारी संदेश म्हटला की मार्कोनी, ही नावे शाळेतल्या सामान्य ज्ञानाच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीची आहेत. स्टिरिओ म्हटला की मात्र कोणाचेच नाव जिभेवर येत नाही. वास्तविक हा शब्द आज खेड्यापाड्यांत रुळला आहे. मोटारीत स्टिरिओ असतो, मोबाइलला लावायच्या इअरफोनला दोन टोके असतात, गॅदरिंगमध्ये गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी जी डिजिटल पेटी ठेवलेली असते तिच्या पाठीला आवाज बाहेर पडण्याची दोन भोके असतात. या सगळ्या दोन-दोनच्या मुळाशी एका इंग्रज इंजिनिअरचे डोके आहे. त्याचे नाव ॲलन डॉवर ब्लमलाइन. त्याला अवघे अडतीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्याच्या मृत्यूची बातमीसुद्धा त्याच्या देशाने दडवून ठेवली. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात जगभर त्याला मोठा मान आहे. मराठी वाचकाला मात्र तो अजून परका आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विजेचे शास्त्र माझ्या अभ्यासक्रमात नाही. तरीही हे चरित्र मला जवळचे वाटले. ते का, हे पुढे ओघाने येईलच.

ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन हे मूळचे जर्मन ज्यू, खाणींचे इंजिनिअर. पुढे ते ब्रिटिश नागरिक झाले. आई जेसी ही दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या डॉवर नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. आजोळचे हे आडनाव ॲलनच्या नावात कायमचे राहिले. सात वर्षांचा असताना त्याने घराच्या दारावरची विजेची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवले. बिलाखाली स्वतःच्या नावापुढे त्याने इलेक्ट्रिकल इंजिनिअर अशी पदवीही लावली होती. हाच मुलगा वाचायला मात्र फार उशिरा शिकला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते, असे त्याची बहीण सांगत असे. मोठेपणी कोणी त्यावरून चिडवले तर तो म्हणे की, वाचता येत नसले तरी त्या वयात वर्गसमीकरणे पुष्कळ येत होती. अक्षरांशी ज्याची ओळख उशिरा होते तो मठ्ठच असला पाहिजे, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्या समजुतीला हे उत्तर पुरेसे आहे.

हायगेट स्कूलमधून शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजात गेला आणि १९२३ मध्ये पहिल्या वर्गात बी. एस्सी. झाला. १९२४ मध्ये त्याला इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी लागली. काम होते लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांचे. त्या काळी एका केबलमध्ये शेजारी शेजारी असलेल्या तारांतले बोलणे एकमेकांत झिरपत असे. आपण एकाशी बोलावे आणि मागे तिसऱ्याचाच संवाद ऐकू यावा, असा तो प्रकार. हे झिरपणे थांबवण्यासाठी ब्लमलाइनने स्वित्झर्लंडसारख्या देशांत जाऊन केबलींवर काम केले. दोन तारांतून जाणारे दोन आवाज एकमेकांपासून वेगळे कसे ठेवायचे आणि ते कुठे मिसळतात, हा त्याच्या पहिल्या नोकरीचाच विषय होता. पुढे आयुष्यभर त्याने जे केले त्याचे बीज इथे दिसते.

१९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. तिथे आयझॅक शोनबर्ग हा त्याचा वरिष्ठ होता. तबकडीवर विजेच्या साहाय्याने आवाज कोरण्याची पद्धत अमेरिकन कंपनीच्या पेटंटने बांधलेली होती, त्यामुळे कोलंबियाला रॉयल्टी भरावी लागे. या पेटंटांच्या कुंपणात कुठेही न शिरता आवाज कोरणारे नवे यंत्र तयार करायचे, अशी कामगिरी शोनबर्गने त्याच्यावर सोपवली. ब्लमलाइनने ते केले, आणि त्याच्या यंत्राने कोरलेला आवाज पूर्वीपेक्षा अधिक स्वच्छ निघाला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि एच. एम. व्ही.ची मालक असलेली ग्रामोफोन कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन ई. एम. आय. ही कंपनी झाली. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या तबकड्या आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिलेल्या आहेत. त्याच घराण्यात ब्लमलाइन आता नोकरीला होता.

त्याच वर्षीची गोष्ट. ब्लमलाइन आपल्या वाग्दत्त वधूबरोबर, डोरीनबरोबर, बोलपट पाहायला गेला होता. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेला तरी त्याचा आवाज मात्र एकाच जागेवरून येत राहिला. प्रेक्षकांत कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. ब्लमलाइनला ते खटकले. आंधळ्या माणसाला तो नट कुठे आहे हे कसे कळणार, असा विचार त्याच्या मनात आला; आणि आवाजाला माणसाच्या मागोमाग चालायला लावण्याची युक्ती आपल्याजवळ आहे, असे त्याने डोरीनला सांगितले.

हा काळ आपल्याकडेही बोलपटाच्या जन्माचा होता. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, आणि १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला. प्रभातमध्ये ध्वनिलेखनाची बाजू विष्णुपंत दामले सांभाळत. चित्रपट कोल्हापूरचा असो की लंडनचा, आवाजाला वाट एकच होती. पुढे १९५५-५६ मध्ये आपल्या आटपाडी तालुक्याचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांचे गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोहोचले, तेही याच एका वाटेने. एका वाटेने आलेल्या आवाजाने माणसे रडली, हे खरेच आहे. म्हणून त्या वाटेला कमी लेखण्याचे कारण नाही. तिला दिशा दाखवता येत नव्हती, एवढेच.

दिशा आपल्याला कळते कशी? आमच्या भागात मेंढपाळ रात्रीच्या अंधारात केवळ घंटेच्या आवाजावरून मेंढरू कोणत्या अंगाला गेले ते ओळखतो. त्याचे गमक दोन कानांत आहे. आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्याला किंचित उशिरा. हा फरक जास्तीत जास्त म्हटला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमीच असतो. शिवाय मधे डोके आडवे येत असल्यामुळे, विशेषतः बारीक आवाज, दूरच्या कानाला थोडा हलका ऐकू येतो. वेळेचा फरक आणि जोराचा फरक, या दोहोंवरून मेंदू दिशेचा हिशेब करतो.

दोन वाटांनी आवाज पाठवण्याचे प्रयोग त्यापूर्वी झाले नव्हते असे नाही. १८८१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने रंगमंचावर बोलके यंत्र जोडीजोडीने ठेवून, श्रोत्यांच्या दोन कानांना दोन टेलिफोन लावून ऑपेरा ऐकवला होता. ब्लमलाइनच्याच काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतही असे काम चालू होते. ब्लमलाइनचे वेगळेपण असे की, मायक्रोफोनपासून तबकडीपर्यंत आणि तिथून खोलीतल्या दोन कर्ण्यांपर्यंत सगळी साखळी त्याने एकट्याने विचारात घेतली. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला; ते १९३३ मध्ये मंजूर झाले. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. त्यात एकूण सत्तर दावे आहेत. तेव्हा त्याचे वय होते अठ्ठावीस.

या पेटंटातल्या दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली, त्याची बेरीज-वजाबाकी. डाव्या आणि उजव्या मायक्रोफोनमधून येणारे दोन प्रवाह त्याने तसेच पुढे नेले नाहीत. आधी त्यांची बेरीज केली आणि वजाबाकी केली. दोन्ही मायक्रोफोनना जे सारखेच ऐकू आले ते सगळे बेरजेत गोळा होते. दोहोंत जो फरक असेल तेवढाच वजाबाकीत उरतो. दिशा राहते ती या फरकात. मग वजाबाकीला हवे तसे कमी-अधिक करायचे आणि पुन्हा दोहोंची बेरीज-वजाबाकी घ्यायची, की डावा आणि उजवा परत हाती येतात. शाळेत आपण दोन संख्यांची बेरीज आणि फरक दिला असता त्या संख्या शोधून काढतो, तेच हे गणित. आज संगणक ते आकड्यांवर करतो. ब्लमलाइनने ते तारांच्या वेटोळ्यांनी, ट्रान्सफॉर्मरनी करून दाखवले.

दुसरी गोष्ट तबकडीच्या चरीची. दोन आवाज एकाच चरीत मावायचे कसे? ब्लमलाइनने सुचवले की, चरीच्या दोन भिंती पंचेचाळीस-पंचेचाळीस अंशांनी कललेल्या असाव्यात आणि एका भिंतीवर एक, दुसरीवर दुसरा आवाज कोरावा. यात एक गंमत आहे. सुई आडवी हलते तेव्हा ती बेरीज वाचते आणि खालीवर हलते तेव्हा वजाबाकी. जुन्या पद्धतीच्या यंत्राला आडवे हलणेच तेवढे समजते, म्हणून त्यातून बेरीज, म्हणजे दोन्ही बाजूंचा मिळून अख्खा आवाज बाहेर येतो. नव्या यंत्राला दोन्ही समजते, म्हणून त्यातून दिशाही कळते.

१९३३ च्या अखेरीस ब्लमलाइन आणि त्याचे सहकारी यांनी चालता-बोलता स्वतःच्याच आवाजाच्या दुहेरी तबकड्या कोरल्या. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर टॉमस बीचम यांच्या वाद्यवृंदाची मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीची तालीम अशाच रीतीने मुद्रित झाली. १९३५ मध्ये हेज स्टेशनवरच्या आगगाड्यांचा छोटा चित्रपट निघाला. त्यात गाडीबरोबर तिचा आवाजही सरकत जातो. सगळे सिद्ध झाले होते. पण कंपनीला त्यात तेव्हा बाजारपेठ दिसेना. काम बाजूला पडले आणि ब्लमलाइनला टेलिव्हिजनकडे वळवण्यात आले.

इथे थोडे थांबून आजच्या काळाकडे यावेसे वाटते. गिटारची तार छेडली की वायरीतून एकच प्रवाह निघतो. तो डिजिटल प्रोसेसरमध्ये शिरतो आणि तिथे सेकंदाला चव्वेचाळीस-अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजला जाऊन त्याचे आकडे होतात. आवाज फाडणारा, खरखरीत करणारा टप्पा बहुधा एकेरीच असतो. पुढे प्रतिध्वनी, घुमारा, कोरस यांच्या टप्प्यांत एकाचे दोन होतात: एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन झाल्यानंतर मधेच एखादा एकेरी टप्पा ठेवला तर दोघे पुन्हा एक होतात आणि मागची मेहनत फुकट जाते. म्हणून टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा. शेवटी पेटीच्या पाठीला दोन भोके. मंडपातला स्पीकरवाला बहुधा एकच वायर देतो. पुष्कळ पेट्यांवर डाव्या भोकाजवळ मोनो असे लिहिलेले असते. वायर एकट्या त्याच भोकात घातली तर पेटी दोन्ही बाजूंची बेरीज करून देते. तीच वायर उजव्या भोकात घातली तर निम्मेच हाती लागते; डावी-उजवीकडे आळीपाळीने जाणारा प्रतिध्वनी असेल तर त्यातला एकाआड एक गळतो.

बेरीजसुद्धा प्रत्येक वेळी धार्जिणी असते असे नाही. काही कोरसमध्ये मूळ सूर दोन्ही बाजूंना सारखा असतो, आणि त्यावरचा थरथरता सूर एका बाजूला सुलटा, दुसऱ्या बाजूला उलटा मिसळलेला असतो. दोन कर्ण्यांतून तो ऐकायला फार रुंद वाटतो. त्यांची बेरीज केली की सुलटा आणि उलटा एकमेकांना खाऊन टाकतात आणि नुसता मूळ सूर उरतो. ब्लमलाइनच्या भाषेत सांगायचे तर तो थरथरता सूर सगळाच वजाबाकीत राहत होता. म्हणून जाणते वादक आणि ध्वनिमुद्रक आपले काम एका कर्ण्यावर ऐकून पारखून घेतात.

माझ्या वडिलांना एका कानाने अजिबात ऐकू येत नाही. ते शाळेत गेलेले नाहीत. रेडिओ ही त्यांची करमणूक. मोबाइल आल्यावर ते इअरफोन लावून गाणी ऐकू लागले, तेव्हा जुनी गाणी त्यांना नीट ऐकू येत आणि काही नव्या गाण्यांत वाद्ये मधेच कुठेतरी नाहीशी होत. जुनी गाणी एकेरी मुद्रित केलेली असल्यामुळे दोन्ही कानांना सारखी येतात. नव्या गाण्यात एखादी सतार किंवा गिटार एकाच बाजूला ठेवलेली असते, आणि ती बाजू त्यांच्या बंद कानाची निघाली तर त्यांच्यापुरती ती वाजलेलीच नसते. मोबाइलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ नावाची एक खूण असते. ती चालू केली की डाव्या-उजव्याची बेरीज होऊन दोन्ही टोकांना जाते. ती चालू केल्यापासून त्यांचे गाणे पुरे झाले. ब्लमलाइनचे नाव मी शोधत गेले ते या खुणेच्या मागोमाग. सिनेमागृहात त्याला आंधळ्या माणसाची आठवण व्हावी आणि त्याने मांडलेले गणित नव्वद वर्षांनी एका कानाने ऐकणाऱ्या माणसाच्या उपयोगी पडावे, याचे मला नवल वाटते.

असो. टेलिव्हिजनमध्येही ब्लमलाइनने असेच पायाचे काम केले. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बी. बी. सी.ने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित प्रक्षेपण सुरू केले. तिथे वापरलेली ४०५ रेषांची पद्धत शोनबर्गच्या चमूने तयार केली होती आणि ब्लमलाइन हा त्या चमूचा आधारस्तंभ होता. याच वर्षी त्याने दोन व्हॉल्व्हची एक जोडणी पेटंट केली. दोन तारांतून आलेल्या प्रवाहांत जे समान असेल, म्हणजे वाटेत दोहोंत सारखीच शिरलेली खरखर, ते ही जोडणी दाबून टाकते आणि फरक तेवढा वाढवते. ही लांब शेपटीची जोडी म्हणून ओळखली जाते. व्हॉल्व्हवर चालणाऱ्या पुष्कळशा गिटार ॲम्प्लिफायरांत ती आजही असते, आणि तिचेच ट्रान्झिस्टरमधले भावंड आधुनिक इलेक्ट्रॉनिक चकत्यांत असंख्य ठिकाणी बसलेले आहे. इथेही पुन्हा तेच: दोन प्रवाह, त्यांतले सारखे काय आणि वेगळे काय.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्याचे काम गुप्त झाले. विमानातून रात्री, ढगांतूनही, खालची जमीन दाखवणारे रडार ब्रिटनला हवे होते. एच-टू-एस असे त्याचे नाव. ७ जून १९४२ रोजी या यंत्राच्या चाचणीसाठी हॅलिफॅक्स जातीचे बॉम्बर विमान डेफर्डच्या तळावरून उडाले. ब्लमलाइनबरोबर त्याचे सहकारी सेसिल ब्राऊन आणि फ्रँक ब्लायदेन हेही होते. वाटेत एका इंजिनाला आग लागली आणि वेल्श बिकनर या खेड्याजवळ विमान कोसळले. आतले अकराही जण ठार झाले. इंजिनातला एक नट नीट आवळलेला नव्हता आणि त्यातून हा अनर्थ ओढवला, असे पुढील तपासणीत निष्पन्न झाले. अडतीस वर्षांत ज्याच्या नावावर १२८ पेटंटे जमली, तो एका नटापायी गेला. मागे डोरीन आणि दोन लहान मुलगे राहिले.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ही बातमी दाबून ठेवण्यात आली. देशाने त्याच्यासाठी जाहीर शोकही केला नाही. रडार मात्र पूर्ण झाले आणि वापरात आले. शांतता झाल्यावर लोक नव्या उद्योगांना लागले आणि ब्लमलाइन विस्मरणात गेला. १९५० च्या दशकात त्याच्या पेटंटाची मुदतही संपली. त्यानंतर १९५७-५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, त्या पंचेचाळीस अंशांच्या चरीच्याच होत्या. पण ते श्रेय घ्यायला तो नव्हता आणि कित्येकांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. आपल्याकडे १९७५ मध्ये ‘शोले’ स्टिरिओफोनिक ध्वनीसह मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा भारतीय प्रेक्षकांनी घोड्यांच्या टापा एका बाजूने येताना ऐकल्या. १९३१ मध्ये त्या सिनेमागृहात बसून त्याला जे हवे होते, ते हेच.

त्याची दखल घेतली गेली ती हळूहळू. १९७७ मध्ये लंडनमधील त्याच्या राहत्या घरावर निळी पाटी लागली. २०१५ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने ॲबी रोड स्टुडिओत त्याच्या कार्याचा स्मृतिफलक बसवला, आणि २०१७ मध्ये, मृत्यूनंतर पंचाहत्तर वर्षांनी, त्याला तंत्रज्ञानासाठीचे ग्रॅमी मिळाले.

मानसन्मानापेक्षा मला त्या चरीचे मोल अधिक वाटते. नवी वस्तू आली की जुनी वस्तू बाळगणारा माणूस बहुधा वाऱ्यावर सोडला जातो; नवे हवे असेल तर नवे यंत्र घ्या, असे त्याला ऐकावे लागते. ब्लमलाइनच्या चरीत ज्याच्याजवळ दोन कर्णे आहेत त्याला दोन्ही मिळाले आणि ज्याच्याजवळ एकच आहे त्यालाही गाणे पुरे मिळाले. आमच्यासारख्या घरांतून, जिथे कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढली जाते, नवे ज्ञान घेऊन जाताना घरच्यांना ते कोणत्या वाटेने पोहोचवायचे हा प्रश्न रोजच पडतो. वडिलांना मी सांगितले की, तुमचे गाणे एका साहेबाने पुरे करून ठेवले आहे, तर त्यांनी त्या साहेबाचे नाव विचारले. मी ते दोनदा सांगितले, त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसून.